सावलीविना प्रकाश : छायालेखक सुब्रत मित्र

चित्रपटाचा विषय निघाला की प्रथम नटनट्यांची नावे आठवतात, त्यानंतर दिग्दर्शक व संगीतकार. ज्याच्या नजरेतून आपण तो चित्रपट पाहिलेला असतो, त्या छायालेखकाचे नाव मात्र श्रेयनामावलीतच राहून जाते. सुब्रत मित्र (१९३०-२००१) यांचे कार्य म्हणूनच आवर्जून जाणून घेण्यासारखे आहे.

१९५० च्या सुमारास फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वा बंगालमध्ये 'द रिव्हर' या चित्रपटाचे चित्रीकरण करीत होते. तेथे केवळ निरीक्षक म्हणून प्रवेश मिळालेल्या तरुण मित्रांनी दिव्यांच्या मांडणीची टिपणे व आकृत्या काढल्या. एवढ्याच शिदोरीवर सत्यजित राय यांनी त्यांच्याकडे 'पथेर पांचाली'चा (१९५५) कॅमेरा सोपविला. त्यापूर्वी त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा हाताळलेलाही नव्हता.

खरी कसोटी लागली ती 'अपराजितो'च्या (१९५६) वेळी. कथेतील काशीच्या घराचा चौक मोकळ्या जागेत उभारण्याचा बेत पावसाच्या भीतीने रद्द झाला आणि तो कोलकात्याच्या स्टुडिओत, छपराखाली उभारावा लागला. आपल्याकडील जुन्या वाड्याचा चौक आठवून पाहावा. तेथे आभाळाचा उजेड सर्व बाजूंनी झिरपतो; ठळक सावली पडत नाही. स्टुडिओतील प्रखर दिव्यांनी मात्र एकाच माणसाच्या अनेक सावल्या भिंतीवर उमटतात. असा उजेड येथे साधणे अशक्य आहे, असे मित्रांनी परोपरीने सांगितले. परंतु निर्णय बदलला नाही.

तेव्हा त्यांनीच मार्ग शोधला. चौकावर पांढरे कापड ताणून बसविले व दिव्यांचे झोत पात्रांवर न टाकता खालून त्या कापडावर सोडले. कापडावरून परतलेला प्रकाश विखरून, मृदू होऊन खाली उतरला. दिवा तोच, परंतु प्रकाशाचा उगम आता एका बिंदूऐवजी आभाळासारखा विस्तीर्ण झाला होता. ही परावर्तित प्रकाशाची पद्धत पुढे त्यांचे प्रमुख साधन ठरली.

'चारुलता' (१९६४), 'नायक' (१९६६) असे राय यांचे अनेक चित्रपट त्यांनी चित्रित केले. 'न्यू देल्ही टाइम्स'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. अखेरच्या काळात कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत त्यांनी अध्यापन केले.

'अपराजितो' पाहण्याचा योग आल्यास त्या चौकाच्या भिंतींकडे अवश्य लक्ष द्यावे. वर आभाळ नाही, कापड आहे, हे ठाऊक असूनही पटणार नाही. छायालेखकाच्या यशाची याहून मोठी पावती ती कोणती?