विश्लेषण : बीएस्सी रसायनशास्त्रात नेमके काय शिकवतात? चौथे वर्ष कोणी करावे?

नीट आणि सीईटीचे निकाल लागले, की बीएस्सीकडे अनेक घरांत ‘उरलेला पर्याय’ म्हणून पाहिले जाते. रसायनशास्त्राच्या बाबतीत हा समज महागात पडू शकतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रवेशापेक्षा त्यानंतरच्या दोन-तीन निवडी अधिक महत्त्वाच्या झाल्या आहेत.

‘मेजर’ कशासाठी पाहायचे?

मुंबई विद्यापीठात पूर्वी ‘सहा युनिट’ आणि ‘तीन युनिट’ अशी भाषा होती. तृतीय वर्षाला फक्त रसायनशास्त्र घेतले तर सहा युनिट, सोबत दुसरा विषय असेल तर तीन. आता त्याची जागा ‘मेजर’ आणि ‘मायनर’ यांनी घेतली आहे. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना आली. मेजर कधी ठरवायचे, हे विद्यापीठानुसार बदलते. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर शिकून दुसऱ्या वर्षी निवड होते. विद्यार्थी ही निवड मित्रांकडे पाहून करतात, आणि इथेच गडबड होते. औषध नियमावली, १९४५ मध्ये औषध उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक कर्मचाऱ्यांत विज्ञान पदवीधरांनाही, ठरावीक अनुभवानंतर, स्थान आहे. पण अट अशी की रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय हवा. मायनर म्हणून घेतलेले रसायनशास्त्र अशा जागी कितपत उपयोगी पडेल, याचा विचार आधीच केलेला बरा.

अभ्यास कुठे अडतो?

असेंद्रिय, सेंद्रिय, भौतिक आणि विश्लेषणात्मक या विषयाच्या चार मुख्य शाखा. बारावीत पाठांतरावर निभावलेले विद्यार्थी सेंद्रिय रसायनशास्त्रात लवकर गडबडतात, कारण इथे अभिक्रिया पाठ करून भागत नाही. इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला, याचे बाण काढता यावे लागतात. खरी अडचण मात्र भौतिक रसायनशास्त्रात येते. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांना उष्मागतिकी आणि अभिक्रियांच्या वेगाची समीकरणे सोडवताना विकलन-संकलन लागते. पुढे श्रोडिंजरचे समीकरण येते ते वेगळेच. पहिल्या सत्रातच हे गणित शिकून घेणे सोपे. तृतीय वर्षाला ते शिकायला वेळ उरत नाही.

प्रॅक्टिकल इतके महत्त्वाचे का?

कारण नोकरी तिथेच आहे. पहिल्या वर्षीचे टायट्रेशन तसे साधे: ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचे, शंकुपात्र हलवत राहायचे आणि फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचे. तीन रीडिंग घ्यायची, ती जुळली पाहिजेत. प्रत्यक्षात अनेक प्रयोगशाळांत काय होते, हे विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. एका बॅचमधील हुशार मुलाचे रीडिंग सगळ्या जर्नलमध्ये उतरते. गुण मिळतात, जर्नलवर सहीही होते.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात हीच सवय घातक ठरते. तिथे नोंद काम करतानाच, मूळ कागदावर किंवा संगणकात करायची असते. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही. ‘नंतर स्वच्छ उतरवून काढू’ हा कॉलेजातला शिरस्ता तिथे गैरप्रकार ठरतो. अमेरिकी औषध नियामकाने भारतीय कारखान्यांवर ठेवलेले ठपके अनेकदा अशा नोंदींच्या विश्वासार्हतेवरूनच असतात.

मुलाखतीतले प्रश्नही याच वळणाचे असतात. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीत फरक काय, बफर म्हणजे काय, एचपीएलसीमध्ये घटक वेगळे कसे होतात? पहिल्या श्रेणीतले पदवीधर ०.१ नॉर्मल द्रावण कसे कराल, या प्रश्नावर अडखळतात, तेव्हा जर्नल कोणी लिहिले हे समोरच्याला कळते. कॉलेजात एचपीएलसीचे यंत्र आहे का आणि विद्यार्थ्यांना ते हाताळू देतात का, हे प्रवेशाआधीच विचारावे. कपाटात कुलूपबंद यंत्र माहितीपुस्तिकेत छान दिसते, इतकेच.

पदवीनंतर कुठे?

तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ या पट्ट्यांतले कारखाने, गोव्यातल्या औषध कंपन्या, पाणी आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळा ही नेहमीची ठिकाणे. उत्पादन विभागात पाळ्या असतात, रात्रपाळीही. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, बीएडनंतर शिक्षकी पेशा हे मार्गही आहेत. एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ही पदवी म्हणजे केमिकल इंजिनीअरिंग नव्हे. रसायनशास्त्र पदार्थ कसा घडतो ते सांगते, तर तो टनावारी कसा बनवायचा हा अभियंत्याचा प्रश्न असतो. बारावीला गणित असलेल्या बीएस्सीधारकांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडा असतो, हे अनेकांना माहीतच नसते.

चौथे वर्ष करावे का?

तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. मग एमएस्सी दोन वर्षांची. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एमएस्सी एका वर्षात करता येते. म्हणजे एकूण वर्षे पाचच. फरक पडतो तो संशोधनात. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी यूजीसीच्या चौकटीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण अपेक्षित आहेत आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असल्यास एमएस्सीशिवाय पीएचडीसाठी अर्ज करता येतो, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. नोकरीच करायची असेल, तर चौथ्या वर्षाची घाई नको. संशोधन करायचे असेल, तर कॉलेजात मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि चालू स्थितीतली उपकरणे आहेत का, ते पाहावे. ती नसतील तर तीन वर्षांनंतर ‘जॅम’ देऊन आयआयटी किंवा बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाण्याचा प्रयत्न अधिक फलदायी. ही परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत असते आणि अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावे लागतात. म्हणजे तयारी पाचव्या सत्राच्या आधी, दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच सुरू करावी लागते.