देवाच्या नावाची बेडी

गुलामगिरी कायद्याने रद्द होणे आणि ती प्रत्यक्षात नाहीशी होणे, यांत पुष्कळ अंतर असते. इ. स. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी माणसावरील माणसाची मालकी मानण्याचे सोडले. १८६० च्या दंडसंहितेने वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलींचा विक्रय करणे हा गुन्हा ठरविला. तरीही दक्षिणेतील देवळांत देवदासी म्हणून, आणि आपल्याकडे खंडोबाच्या मुरळ्या म्हणून, कोवळ्या मुली वाहिल्या जातच होत्या. येथे मालकाच्या जागी देवच उभा केलेला असल्यामुळे कायद्याचा हात अडखळत असे. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, तो पुढे नेला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी.

त्यांचा जन्म १८८६ मध्ये पुदुकोट्टै संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर शिक्षणक्षेत्रातील. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातील. मुलांच्या कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला तो खुद्द राजाच्या अनुज्ञेने. १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. १९२६ मध्ये मद्रास विधिमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी सभागृहाने त्यांना उपाध्यक्ष निवडले. ब्रिटिश हिंदुस्थानातील विधिमंडळांत स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांनी मुली वाहण्याची प्रथा कायद्याने बंद करण्याचा ठराव मांडला. सत्यमूर्तींसारख्या वजनदार काँग्रेस पुढाऱ्याने विरोध केला. परंतु अधिक विचार करावयास लावणारा विरोध काही देवदासींचाच होता. आपण विद्या व कला जाणतो. इतर हिंदू स्त्रियांना नसलेला संपत्तीचा वारसा आपल्याला आहे. सर्वांना एकच कलंक लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

या म्हणण्यातच प्रश्नाची खरी गाठ होती. पुष्कळ देवदासींकडे देवस्थानच्या इनाम जमिनी असत, पण त्या सेवेच्या अटीवर. सेवा सुटली की जमीन सुटे. म्हणून घरात जमीन राखावयाची तर पुढच्या पिढीतील मुलगी देवाला वाहावी लागे. साखळी धर्माची दिसे. तिची कडी जमिनीत रुतलेली होती. १९२९ च्या कायद्याने ही अट काढून जमिनी त्या स्त्रियांकडेच राहतील अशी तरतूद केली. प्रथेवर घाव घालण्यापूर्वी तिच्या पोटापाण्याचा आधार मोकळा केला, हे मुथुलक्ष्मींच्या राजकारणाचे मर्म होय.

मुली वाहण्यावर थेट बंदी घालणारे त्यांचे विधेयक मात्र रेंगाळले. १९३० मध्ये गांधीजींना अटक होताच निषेध म्हणून त्यांनी सभासदत्व सोडले. उत्कर्षाला जेमतेम तीन-चार वर्षे झाली असताना त्यांनी ते पद टाकले, पण काम टाकले नाही. निराश्रित मुलींसाठी त्यांनी मद्रासमध्ये ‘अव्वै होम’ उभे केले. मुंबई इलाख्यात बंदीचा कायदा १९३४ मध्ये झाला. मद्रासमध्ये त्याला १९४७ साल उजाडावे लागले.

याच काळात देवदासींचे नृत्य प्रतिष्ठित घराण्यांतील मुलींनी रंगमंचावर आणले, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांतील पुष्कळ कुटुंबे मात्र अंधारात राहिली. मुथुलक्ष्मींच्या विजयाचा हिशेब मांडताना ही बाजूही वगळता येत नाही. तथापि मुलीचे आयुष्य तिला कळण्यापूर्वीच देऊन टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही गोष्ट त्यांनी सभागृहाकडून कायद्यात लिहवून घेतली.