काळ्या भुंगेऱ्याची स्वारी

जानेवारी २००६. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये अह्न’किराज या किराजी किड्यांच्या ठाण्याचा दरवाजा उघडायचा होता. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवरच्या खेळाडूंनी आधी तांब्याच्या कांड्यांपासून बँडेजपर्यंत युद्धसामग्रीचे ढीग जमवायचे आणि मग कुणीतरी राजदंडाने घंटा वाजवायची. घंटा वाजवणाऱ्याला बक्षीस काय, तर स्वारीसाठी काळा किराजी भुंगेरा!

राजदंड मिळवणं म्हणजे निव्वळ हमाली. नोझडोर्मू या ड्रॅगनच्या कुळाची नाराजी घालवायला किड्यांच्या कवचाचे तुकडे २००-२०० च्या हप्त्यांनी भरायचे. एका टप्प्यावर ‘ब्लॅकविंग लेअर’ या गुहेत शिरून तिथल्या नेफेरियन ड्रॅगनला पाच तासांच्या आत लोळवायचं. त्याला ४० जणांची फौज लागे. राबणार सगळे, राजदंड एकाच्याच हाती. खेळाडूंच्या गटात, म्हणजे गिल्डमध्ये, रुसवेफुगवे न झाले तरच नवल.

पहिली घंटा वाजली की उरलेल्या राजदंडधारकांना मुदत फक्त दहा तासांची. त्यानंतर या भुंगेऱ्याची स्वारी त्या सर्व्हरवर कायमची बंद.

गंमत म्हणजे हा भुंगेरा इतर महागड्या स्वाऱ्यांपेक्षा तसूभरही वेगवान नव्हता. पण त्याचे लाल, हिरवे, निळे, पिवळे भाऊबंद फक्त किराजी मंदिरातच चालत. काळा मात्र भर शहरातही मिरवता येई. २०२० मध्ये ‘क्लासिक’ आवृत्तीत दरवाजा पुन्हा उघडला, तेव्हा याच भुंगेऱ्यासाठी नव्याने झुंबड उडाली.