अर्ध्या चौकटीने सरकलेला डोंगर

उपग्रहाच्या जाळीतली उंची आणि जागेवर घेतलेली लेव्हल जुळली नाही, की ऑफिसात पहिला संशय जागेवरच्या माणसावर जातो. मी पुण्यात रस्त्यांच्या आखणीचं काम करते आणि ही सवय मला मनापासून खटकते. घाटातल्या उतारावर भर उन्हात मोजणीचा स्टाफ धरून उभा राहिलेला मुलगा चुकला, हे स्क्रीनकडे बघून कसं ठरवायचं? पुष्कळदा त्याची लेव्हल बरोबर असते. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आणलेला अख्खा डोंगरच बाजूला सरकलेला असतो.

रस्ता असो, कालवा असो की पाझर तलाव, पहिली आखणी हल्ली उंचीच्या जाळीवर होते. जमिनीवर चौकटीच्या वहीसारखी जाळी कल्पायची आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एकच आकडा द्यायचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जगातली बहुतेक जमीन अशी मोजली. एसआरटीएम नावाची ती जाळी फुकट मिळते, चौकट साधारण ३० मीटरची. इस्रोच्या २००५ मधल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेली जाळी 'भुवन' या संकेतस्थळावर आहे. ती फाइल सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, की काही मिनिटांत काँटूरसकट, म्हणजे समान उंचीच्या रेषांसकट, जमिनीचा सरफेस तयार होतो.

तो सरफेस चुकीच्या जागी बसण्याचे काही प्रकार लगेच ओरडून सांगतात. अक्षांश-रेखांशातली फाइल मीटरच्या ड्रॉइंगमध्ये तशीच घेतली, तर एक अंश रुंदीचा मुलूख एक मीटर रुंद होतो आणि त्यावर कळसूबाई मात्र १६४६ मीटर उभी राहते. दुसरा प्रकार पट्ट्यांचा. नकाशाच्या यूटीएम पद्धतीत महाराष्ट्र ४३ आणि ४४ अशा दोन पट्ट्यांत विभागला आहे, मधली सीमा ७८ अंश पूर्व रेखांशाची. समृद्धी महामार्ग ती अमरावती जिल्ह्यात ओलांडतो. तिथल्या एकाच जागेचा पूर्वेकडचा आकडा एका पट्ट्यात सुमारे ८ लाख १२ हजार मीटर येतो, दुसऱ्यात १ लाख ८७ हजार. पट्टा चुकला तर डोंगर सहाशे किलोमीटर लांब जाऊन पडतो. उंचीचंही तसंच. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीला धरून आहे, कार्टोसॅटच्या जाळीची पृथ्वीच्या गणिती गोलाला धरून, आणि आपल्या भागात या दोहोंत साठेक मीटरचं अंतर आहे. दोन्ही जाळ्या शेजारी जोडल्या तर सपाट शेतात उभा कडा दिसतो. हे सगळं त्याच दिवशी पकडलं जातं.

मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या चुकीची. चौकटीला दिलेला आकडा चौकटीतल्या नेमक्या कुठल्या जागेचा? बहुतेक जाळ्यांत तो मध्यबिंदूचा धरतात. पण साध्या मजकुराच्या जाळीच्या फाइलमध्ये सुरुवातीला दोन ओळी असतात, खालच्या डाव्या चौकटीची जागा सांगणाऱ्या. त्या दोन तऱ्हांनी लिहितात: 'एक्सएलएलकॉर्नर' म्हणजे चौकटीचा बाहेरचा कोपरा आणि 'एक्सएलएलसेंटर' म्हणजे तिचा मध्य. वाचणाऱ्या प्रोग्रामने एकाच्या जागी दुसरं धरलं, की प्रत्येक आकडा अर्धी चौकट सरकतो. ३० मीटरच्या जाळीत १५ मीटर पूर्व-पश्चिम आणि १५ मीटर उत्तर-दक्षिण. एरर येत नाही, काँटूर सुरेख दिसतात, शिखरांची उंचीही बरोबर असते.

मराठवाड्यातल्या सपाटीवर याचा पत्ताही लागत नाही. शंभर मीटरला एक मीटर उतार असेल, तर १५ मीटर सरकून उंचीत फक्त १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारावर, जिथे दोन मीटर चालल्यावर एक मीटर खाली उतरतो, तिथे तोच फरक साडेसात मीटर होतो. जाळी पूर्वेला सरकली असेल, तर पश्चिमेकडे उतरणारी जमीन मॉडेलमध्ये खरीपेक्षा खाली दिसते. कागदावर भराव येतो, जागेवर कातळ निघतो. पर्यायी मार्गांची तुलना या आकड्यांवर होते, म्हणून प्राथमिक काम आहे एवढं म्हणून हे सोडून देता येत नाही.

ही चूक पकडण्याची उत्तम रीत हिमनद्यांच्या अभ्यासातून आली आहे. हिमनदीचा बर्फ किती पातळ झाला, हे बघायला दोन काळांच्या जाळ्या एकमेकींतून वजा करतात. त्यातली एक जरी सरकलेली असली तर बर्फ घटल्याचा किंवा वाढल्याचा खोटा भास होतो. क्रिस्टोफर नूथ आणि आंद्रेआस केब यांनी २०११ मध्ये दाखवलं, की सरकलेल्या जाळीतला फरक उताराच्या दिशेनुसार ठरावीक लयीत बदलतो. जाळी पूर्वेला गेली असेल तर पूर्वेकडचे उतार जास्त उंच दिसतात, पश्चिमेकडचे कमी. हातून झालेली लेव्हलची चूक डोंगराची बाजू बघून येत नाही.

म्हणून मी जागेवर टोटल स्टेशनने मोजलेले बिंदू आणि जाळी यांतला फरक आधी उताराच्या दिशेप्रमाणे मांडून बघते. लय दिसली तर जाळी सरकवायची, लेव्हलला हात लावायचा नाही. सरकवल्यावरही फरक शून्य होत नाही. दाट झाडीत रडारला बऱ्याच ठिकाणी जमिनीऐवजी झाडांचा वरचा थर दिसलेला असतो, आणि एसआरटीएमच्या उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक मूळ उद्दिष्टातच मान्य होती.

या तपासाला एक अट आहे आणि ती सर्व्हेला निघणाऱ्या टीमला मी आधीच सांगते. सगळे बिंदू जुन्या रस्त्याच्या कडेने एकाच उतारावर घेऊ नका. खिंडीच्या दोन्ही अंगांना घ्या, आडव्या सोंडांवर उत्तरेला आणि दक्षिणेलाही थोडे घ्या. सगळे बिंदू एकाच बाजूचे असतील, तर जाळी आडवी सरकली आहे की सरसकट उंच बसली आहे, हे खात्रीने वेगळं काढता येत नाही.