टपरीवरचं बोलणं किती खासगी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या यंत्रमागांचा खडखडाट इतका, की आत ओरडूनच बोलावं लागतं. पाळी सुटली तरी तो चढा सूर उतरत नाही. मग गेटबाहेरच्या टपरीवर एखादा कामगार फोनवर उचलीची रक्कम, घरातलं आजारपण, कधी चक्क ओटीपीही सांगतो आणि ते शेजारी चहा पिणाऱ्याच्या कानावर पडतं.

असं कानावर पडणं हा गुन्हा नाही. चारचौघांत मोठ्यानं बोललेलं कुणी ऐकू नये, ही अपेक्षा कायदाही धरत नाही. पण म्हणून खासगीपणाचा हक्क टपरीवर संपतो, असंही नाही. पुट्टास्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क ठरवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, की हा हक्क जागेशी नव्हे, व्यक्तीशी जोडलेला आहे. सार्वजनिक ठिकाणी आल्यानं तो सुटत नाही.

फोन टॅप करणं मात्र वेगळं. कायद्यानं ठरलेल्या प्रक्रियेविना ते करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानं स्पष्ट केलं. उलट, मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या) लाचप्रकरणात संभाषणातल्या एका पक्षाच्या संमतीनं केलेलं ध्वनिमुद्रण न्यायालयानं १९७२मध्ये पुरावा म्हणून मान्य केलं.

पण कानावर पडलेलं रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर फिरवलं, तर बदनामीचा खटला होऊ शकतो. बोलणाऱ्यानं पैशाचं आणि ओटीपीचं बाजूला जाऊन बोलावं. ऐकणाऱ्यानं ऐकून सोडून द्यावं.