एक दिवस, एक मेट्रो आणि दोन हजार वर्षं : मुंबईच्या उपनगरात फिरायचा प्लॅन असा करा

गावाकडून पाहुणे आले की मुंबईत एक ठरलेला कार्यक्रम असतो. गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग, हाजी अली, जमलंच तर सिद्धिविनायक आणि शेवटी जुहू चौपाटी. पाहुणे अंधेरीत उतरलेले असोत, बोरिवलीत असोत की मुलुंडला, सकाळी सगळे लोकल पकडून दक्षिणेकडे निघतात आणि रात्री थकून परत येतात.

यात होतं काय, तर दिवसातले तीन-चार तास नुसते प्रवासात जातात. आणि ज्या उपनगरातून निघालो, तिथेच दोन हजार वर्षं जुनी लेणी आहेत, जंगल आहे, ज्वालामुखीने घडवलेला उभा कातळ आहे, हे पाहुण्यांना तर सोडाच, तिथे राहणाऱ्यांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

आता गोष्ट अशी आहे की २०२३ पासून ही ठिकाणं मेट्रोने एका माळेत ओवली गेली आहेत. त्यामुळे दक्षिण मुंबईत न जाताही एका दिवसाचं भरगच्च मुंबई दर्शन होऊ शकतं. फक्त प्लॅन नीट करायला हवा.

लोकांचा प्लॅन फसतो कुठे ?

बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात. रील्समध्ये पाहिलेली दहा ठिकाणं लिहून काढायची आणि मग ती एका दिवसात कशी बसवायची याचा विचार करायचा. मुंबईत ही पद्धत चालत नाही. इथे दोन ठिकाणांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो, ते तासांत मोजावं लागतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मुलुंड आणि बोरिवली. नकाशावर ही दोन्ही ठिकाणं अगदी शेजारी दिसतात. पण मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. त्यामुळे मुलुंडकराला बोरिवली गाठायची तर ठाण्यावरून घोडबंदरचा वळसा घ्यावा लागतो, नाहीतर खाली पवई किंवा घाटकोपरवरून फिरून यावं लागतं.

म्हणून उपनगरात फिरायचं तर आधी मार्ग ठरवायचा आणि मग त्या मार्गावर काय-काय येतं ते बघायचं.

मार्ग कोणता ?

मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर अशी सुरू झाली. त्यानंतर मेट्रो २ए आणि मेट्रो ७ या दोन मार्गिकांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि उरलेला जानेवारी २०२३ मध्ये खुला झाला.

यातली मेट्रो ७ पश्चिम द्रुतगती महामार्गावरून, म्हणजे पूर्वेकडून, अंधेरीजवळच्या गुंदवलीपासून दहिसरपर्यंत जाते. मेट्रो २ए पश्चिमेकडून, लिंक रोडवरून दहिसर ते अंधेरी पश्चिम अशी येते. दोन्ही दहिसर पूर्वला मिळतात. खाली मेट्रो १ या दोघींना जोडते. गुंदवली स्टेशन मेट्रो १ च्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनला पुलाने जोडलेलं आहे, आणि अंधेरी पश्चिम स्टेशन डी. एन. नगरला.

म्हणजे काय झालं, तर एक पूर्ण वर्तुळ तयार झालं. अंधेरीतून पूर्वेकडून वर जायचं, दहिसरला वळायचं आणि पश्चिमेकडून खाली यायचं.

या वर्तुळाचा अजून एक फायदा आहे. सकाळी मुंबईची गर्दी दक्षिणेकडे धावते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. तुम्ही सकाळी वर जाणार आणि संध्याकाळी खाली येणार, त्यामुळे या दोन्ही मार्गिकांवर गर्दीच्या उलट दिशेने प्रवास होतो. घाटकोपर-अंधेरी पट्ट्यात मात्र ऑफिसच्या वेळेत तुडुंब गर्दी असते, त्यामुळे घाटकोपर-मुलुंडकडून येणाऱ्यांनी शनिवार-रविवार बघितलेला बरा. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, तेव्हा मुलुंडहून घाटकोपर गाठण्याआधी त्याचं वेळापत्रक बघून ठेवायचं.

सकाळ : कान्हेरी

पहिला मुक्काम कान्हेरी लेणी. मेट्रो ७ वर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्टेशनच आहे. लोकलने येणाऱ्यांसाठी बोरिवली स्टेशन पूर्वेला उद्यानापासून जवळ पडतं.

कान्हेरी सकाळीच का करायची ? तर तीन कारणं आहेत. एक म्हणजे उद्यानाच्या फाटकापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. आतली बस मिळाली तर ठीक, नाहीतर सायकल किंवा पायपीट. दुसरं म्हणजे वर चढ आहे आणि कातळ उन्हात तापतो. तिसरं म्हणजे संध्याकाळी जंगल लवकर बंद होतं. हे बिबट्यांचं घर आहे, तिथे अंधार पडेपर्यंत रेंगाळून चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्यान सोमवारी बंद असतं. सुट्टी टाकून सोमवारी पोचलेले लोक फाटकावरून परत जाताना दिसतात. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, हेही लक्षात ठेवायचं.

आता मुद्दा येतो की इतक्या आडरानात शंभराहून जास्त लेणी कोरली कुणी ?

तर तेव्हा हे आडरान नव्हतं. आजचं उपनगर म्हणजे जुनं साष्टी बेट. त्याच्या उत्तरेला सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, आणि पूर्वेला कल्याण, ही दोन्ही त्या काळातली मोठी बंदरं. समुद्रातून आलेला माल इथून नाणेघाटासारख्या घाटांनी जुन्नर, पैठणकडे जायचा. भिक्खूंना राहायला शांत डोंगर हवा होता आणि दान देणारे व्यापारी जवळ हवे होते. कान्हेरीत दोन्ही जमून आलं.

इथल्या ब्राह्मी शिलालेखांमध्ये दान देणाऱ्यांची नोंद आहे. त्यात राजघराण्यातले लोक आहेत, तसेच कल्याणचे सोनार आणि लोहार आहेत, सोपारा आणि नाशिकचे रहिवासी आहेत, भिक्खुणी आहेत. थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपनगरी लोकांनी वर्गणी काढून हा डोंगर कोरून घेतला.

कान्हेरी पूर्ण बघायची तर दिवस पुरत नाही. पण अडीच-तीन तासांत एवढं नक्की बघून होतं.

लेणं क्रमांक ३ : हे मोठं चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. ३४ खांब, शेवटी स्तूप आणि ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे २३ फुटांच्या उभ्या बुद्धमूर्ती.

लेणं क्रमांक ११ : लोक याला दरबार लेणं म्हणतात. लांबलचक दालन आणि त्यात दगडाचेच बाक.

लेणं क्रमांक ४१ : अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. भारतात अशी मूर्ती फार दुर्मीळ आहे.

लेणं क्रमांक ९० : इथे पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी स्वतःची नावं आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे एक हजार वर्षांपूर्वीही लोक इथे फिरायला येत होते. (आज मात्र तसं नाव कोरलं तर तो गुन्हा आहे.)

आणि एक गोष्ट लेण्यांच्या बाहेर बघायची. बहुतेक लेण्यांजवळ पाण्याची टाकी आहे, जुन्या भाषेत पोढी. डोंगरावरचं पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींमधून या टाक्यांमध्ये उतरवलेलं आहे. पाऊस चार महिने आणि माणसं बारा महिने, हे गणित त्यांनी असं सोडवलं. पुढे इंग्रजांनीही याच डोंगररांगेतलं पाणी अडवून १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधला. मुंबईला आजही तिथून पाणी मिळतं.

दुपार : मंडपेश्वर

उद्यानातून बाहेर पडून बोरिवलीत जेवून घ्यायचं आणि परत मेट्रो पकडायची. राष्ट्रीय उद्यान, ओवरीपाडा, दहिसर पूर्व आणि तिथून २ए ने आनंदनगर, कांदरपाडा, मंडपेश्वर. स्टेशनवरून रिक्षा करायची.

मंडपेश्वर हे शैव लेणं आहे आणि साधारण सहाव्या ते आठव्या शतकातलं मानलं जातं. नाचणाऱ्या शिवाचं मोठं शिल्प इथे आहे. पण या जागेची खरी गोष्ट नंतर सुरू होते. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचं चर्च केलं आणि वर मठ बांधला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टीवरचं पोर्तुगीज राज्य संपलं.

आज तिथे गेलात तर खाली शिवलिंगाची पूजा चालू असते, एका भिंतीवर जुनं शिल्प तासून कोरलेला क्रूस दिसतो आणि वर पोर्तुगीज इमारतीचे अवशेष उभे असतात. एकाच खडकावर इतके थर क्वचितच बघायला मिळतात. इथे तासभर पुरतो.

संध्याकाळ : गिल्बर्ट हिल

मंडपेश्वरवरून थेट अंधेरी पश्चिम. इथे इमारतींच्या गर्दीत सुमारे २०० फूट उंचीचा काळा कातळ सरळ उभा आहे. हा साधारण साडेसहा कोटी वर्षं जुना बेसाल्ट आहे. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे उभे खांब तयार झाले. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवरही अशाच खांबांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे राष्ट्रीय स्मारक झालं आणि इथे आजूबाजूला दगडखाणी, मग वस्ती आणि टॉवर आले. २००७ मध्ये महापालिकेने याला वारसा दर्जा दिला.

वर गावदेवीचं मंदिर आहे आणि कातळात पायऱ्या आहेत. ऊन उतरल्यावर वर गेलात की अंधेरीचा पसारा दिसतो. तिथून डी. एन. नगरला येऊन मेट्रो १ ने घाटकोपरपर्यंत परतता येतं. वर्तुळ पूर्ण.

वेळ उरला तर, किंवा पाऊस असेल तर

अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. जुनं नाव कोंडिविटे. त्यातल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती गोल खोली आहे आणि तिला दगडात कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत. जोगेश्वरी पूर्वेला सहाव्या शतकातलं जोगेश्वरी लेणं आहे. अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते हे भारतातलं सगळ्यात आधीचं मोठं हिंदू लेणं, म्हणजे घारापुरीच्याही आधीचं. पण ही दोन्ही त्याच दिवशी कोंबायची नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी अर्धी सकाळ ठेवायची.

पावसाळ्यात कान्हेरी सगळ्यात सुंदर असते आणि सगळ्यात निसरडीही. तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत आणि ओढ्यात उतरायचा मोह टाळायला हवा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर वरची लेणी सोडून ३ आणि ११ बघून परत फिरायला हरकत नाही. उद्यानात माकडं हातातलं खाणं हिसकावतात, तेव्हा पिशव्या बंद ठेवायच्या.

हे सगळं का बघायचं ?

जोगेश्वरी लेण्याच्या माथ्यापर्यंत घरं आली आहेत आणि सांडपाणी झिरपून शिल्पं झिजत आहेत. बोरिवली पूर्वेला मागाठाणेचीही बौद्ध लेणी आहेत. त्या नावाचं मेट्रो स्टेशन सगळ्यांना माहीत आहे, लेणी मात्र वस्तीत हरवली आहेत.

जिथे लोक जातात, तिथे रस्ता होतो, फलक लागतो, रखवालदार येतो. जिथे कुणी जात नाही, ती जागा आधी लोकांच्या बोलण्यातून जाते आणि मग नकाशावरून. त्यामुळे पुढच्या वेळी पाहुणे आले की गेटवेसाठी एक दिवस ठेवाच, पण एक दिवस उपनगरालाही द्या. फक्त तो सोमवार नसेल, एवढं बघा.