पट्टी गुंडाळून आलेलं पुस्तक

अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात काउंटरमागच्या फळीवर काही पुस्तकं वेगळी काढून ठेवलेली असतात. प्रत्येकाच्या मुखपृष्ठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळलेली. पट्टीवर वाचकाचं नाव, परतीची तारीख आणि ठळक अक्षरांत विनंती: कृपया ही पट्टी काढू नये. ही पुस्तकं त्या वाचनालयाची नसतातच. शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या ग्रंथालयानं ती उसनी धाडलेली असतात. ओहायोत राहणाऱ्या मराठी वाचकानं साठच्या दशकातली एखादी मराठी कादंबरी मागितली, तर तीही अशीच पट्टी लेवून येऊ शकते आणि आत शिक्का असू शकतो शिकागो विद्यापीठाचा. मराठी कादंबरी शिकागोला कशी पोचली, ती गोष्ट पुढे येईलच.

ग्रंथालयशास्त्राच्या भाषेत या व्यवहाराला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. कल्पना साधी आहे. वाचक दूरच्या ग्रंथालयाचा सभासद होत नाही, तिथं अनामत भरत नाही. तो आपल्याच वाचनालयाला सांगतो आणि त्याच्या वतीनं ते वाचनालय दुसऱ्याकडे शब्द टाकतं. पुस्तक हरवलं, फाटलं, तर जबाबदारीही मागणाऱ्या वाचनालयाची. एका ग्रंथपालानं दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासावर हे सगळं उभं आहे.

ही कल्पना जाहीरपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांचं नाव घ्यावं लागतं. 1876 मध्ये ‘लायब्ररी जर्नल’ हे नियतकालिक सुरू झालं, तेव्हा पहिल्याच अंकात त्यांचं पत्र छापून आलं: ग्रंथालयांनी थोड्या मुदतीसाठी एकमेकांना पुस्तकं द्यावीत. वाचकाशी ग्रंथपालानं आपणहून बोललं पाहिजे, त्याची अडचण समजून घेतली पाहिजे, हा आग्रहही त्यांनी त्याच वर्षी धरला होता. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. समोर उभ्या माणसाला ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही. पुढे 1894 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या ग्रंथालयानं राज्य ग्रंथालयाबरोबर अशी देवघेव सुरू केली. जर्मनीतही त्याच दशकात बर्लिनचं राजग्रंथालय आणि प्रशियातली विद्यापीठं एकमेकांना पुस्तकं पाठवू लागली.

खरी अडचण टपालाची नव्हतीच. पुस्तक कुणाकडे आहे, हे कळायचं कसं? त्यासाठी अनेक ग्रंथालयांची मिळून एक सूची लागते. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1901 पासून इतर ग्रंथालयांची सूचीपत्रं जमवायला सुरुवात केली. त्यातून 1956 पूर्वीच्या पुस्तकांची जी संयुक्त सूची छापली गेली, तिचे 754 खंड झाले; छपाई 1968 पासून 1981 पर्यंत चालली. केवळ ‘कुठलं पुस्तक कुठं’ एवढं सांगायला 754 जाडजूड खंड! ते छापायला सुरुवात होण्याच्या आदल्याच वर्षी, 1967 मध्ये, ओहायोत ‘ओसीएलसी’ ही संस्था सुरू झाली आणि तिनं ग्रंथालयांच्या सूची संगणकावर जोडायला घेतल्या. 1979 पासून त्याच यंत्रणेतून पुस्तकाची मागणीही पाठवता येऊ लागली. आता पहिल्या ग्रंथालयानं नकार दिला, तर मागणी आपोआप पुढच्याकडे सरकते.

मात्र या व्यवहाराचा कारखाना पाहायचा तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरला जायला हवं. बॉस्टन स्पा या गावाजवळ दुसऱ्या महायुद्धात दारूगोळा भरण्याचा कारखाना होता. त्या जागेवर 1962 मध्ये डोनाल्ड अर्कहार्ट यांनी विज्ञान-तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय ग्रंथालय उघडलं. वाचकांनी येऊन बसावं हा त्याचा हेतू नव्हता. दुसऱ्या ग्रंथालयांना उसनं देणं, हेच त्याचं काम. अर्कहार्टनी नियतकालिकं सरळ नावाच्या अकारविल्हे लावली. मागणीचा कागद हाती आला की कर्मचाऱ्यानं सूची न चाळता थेट फळीकडे जायचं.

त्याआधी 1956 मध्ये त्यांनी लंडनच्या सायन्स म्युझियम ग्रंथालयातून बाहेर गेलेल्या नियतकालिकांची मोजदाद केली होती. हजारो नियतकालिकांपैकी निम्म्याहून अधिक वर्षभरात एकदाही मागवली गेली नव्हती आणि मोजक्या काही शे नियतकालिकांवरच निम्मी मागणी भागत होती. क्वचित लागणारं नियतकालिक प्रत्येक ग्रंथालयानं विकत घेऊन धूळ खात ठेवण्यापेक्षा ते एका ठिकाणी असावं आणि तिथून सगळ्यांना मिळावं, ही बॉस्टन स्पामागची धारणा या आकड्यांनी पक्की केली. 1973 मध्ये हे ग्रंथालय ब्रिटिश लायब्ररीत सामील झालं. 2009 मध्ये तिथं उघडलेल्या साठवणीच्या इमारतीत 262 किलोमीटर लांबीच्या फळ्या आहेत. साधारण मुंबईहून साताऱ्यापर्यंत जाईल एवढं अंतर. आग पेटूच नये म्हणून आतल्या हवेतला प्राणवायू कमी ठेवलेला. पुस्तकांचे खोके यंत्रं काढतात, यंत्रंच परत ठेवतात.

आता शिकागोच्या शिक्क्याकडे. 1954 च्या ‘पीएल-480’ या अमेरिकी कायद्याखाली भारतानं गहू घेतला. रेशनच्या रांगेत तो गहू घेतलेली पिढी महाराष्ट्रात अजून आहे. त्या गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकवत होता आणि ते रुपये भारतातच साठत होते. 1958 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्यातली काही रक्कम पुस्तकांसाठी वापरायला वाट मिळाली. 1962 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत सुरू झालं आणि भारतीय भाषांतली नवी पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना धाडू लागलं. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, चरित्रं समुद्रापार गेली ती अशी. एकेका विद्यापीठाच्या फळीवर पोचलेली ही पुस्तकं देवघेवीमुळे दूरच्या गावातल्या वाचकाच्याही आवाक्यात आली.

ई-पुस्तकांनी मात्र इथं खोडा घातला आहे. छापील प्रत विकत घेतली की ती कुणाला द्यायची हे ग्रंथालय ठरवतं. ई-पुस्तक बहुतेक वेळा परवान्यावर मिळतं आणि ते दुसऱ्या ग्रंथालयाला द्यायला अनेक करार मनाई करतात. पुस्तक क्षणात पाठवण्याची सोय हाताशी असूनही पाठवता येत नाही, ही वाचकाची मोठीच हानी आहे.

भारतात ही वाट आधी शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. 1952 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘इन्सडॉक’ शोधनिबंधांच्या प्रती काढून पाठवत असे. 1988 मध्ये दिल्लीतल्या काही ग्रंथालयांच्या जाळ्यातून ‘डेलनेट’ उभं राहिलं आणि पुढे देशभर पसरलं. महाराष्ट्रातल्याही कितीतरी महाविद्यालयांना त्याचा उपयोग होतो. पण त्याचा लाभ मुख्यतः प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थ्यांना. गावच्या वाचनालयात रोज संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्या वाचकापर्यंत ही सवय अजून पोचलेली नाही.

पुस्तकं फिरवण्याची हौस मराठी माणसाला नाही, असं मात्र नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पाहावा. पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी तिथून दुसऱ्या गटाकडे आणि तिच्या जागी वेगळी पेटी येते. अशा पेट्या दुबईसारख्या परदेशी शहरांतल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. पेटीत आहे ते वाचायचं, एवढाच यात फरक. हवं ते नेमकं पुस्तक मागवायचं तर सूची लागते.

आणि सूचीत घालण्यासारखं महाराष्ट्राकडे किती आहे! नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली, तीही संगणक नसताना. दाते यांच्या सूचीतल्या एखाद्या जुन्या पुस्तकापुढे आज ते नाशिकला आहे की ठाण्याला, एवढी नोंद दिसली, तर चिपळूणचा किंवा उदगीरचा वाचक आपल्या ग्रंथपालाला नाव लिहून देऊ शकेल. जीर्ण प्रत असेल तर पाठवू नये, हवी ती पानं स्कॅन करून द्यावीत. धडधाकट प्रत असेल, तर कागदाची एक पट्टी गुंडाळून ती एसटीच्या पार्सलनंही जाईल.